‘फायनल किती?’ हे सगळ्यात शेवटी विचार

पत्र

नमस्कार ताई,
मी मंगळवेढा तालुक्यात एका दूध संकलन केंद्रावर कामाला आहे. रोजचं जाणं-येणं चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. वडिलांची १०० सीसी गाडी चौदा वर्षं वापरली, आता ती दर महिन्याला काहीतरी खर्च काढते. म्हणून नवी १२५ सीसी मोटरसायकल घ्यायची ठरवलीय. चाळीस हजार साठवलेत, बाकी कर्ज.

परवा सोलापूरच्या एका शोरूममधून कोटेशन आणलं. एक्स-शोरूम ९०,०००, आरटीओ १२,८००, इन्शुरन्स ९,४००, ॲक्सेसरी किट ४,६५०, हँडलिंग १,५००, वाढीव वॉरंटी आणि आरएसए (गाडी रस्त्यात बंद पडली तर मदत) १,८५०. एकूण १,२०,२००. सेल्समन म्हणाला, “तुमच्यासाठी दोन हजार कमी करतो, पण बुकिंग आजच करा.” कर्जही तेच करून देणार आहेत, नऊ टक्क्यांनी, तीन वर्षं. जुन्या गाडीचे सहा हजार म्हणतात.

वडील म्हणतात, दहा हजार तरी पाड, नाहीतर तुला व्यवहार कळत नाही. मला भाव करायची लाज वाटते. समोरचा माणूस गोड बोलत असला की माझ्या तोंडून शब्दच फुटत नाही. आईला गाडी दसऱ्याला दारात हवी. ताई, फायनल किती मागू?
– एक वाचक

उत्तर

भाऊ, तुला अरेतुरे करतेय, रागावू नकोस. माझा भाचा तुझ्याच वयाचा आहे आणि त्यानेही मागच्या वर्षी हाच प्रश्न विचारला होता. पण त्याने तो गाडी उठवून आणल्यावर विचारला. तू आधी विचारलास, म्हणजे अर्धी लढाई मारलीस.

हे सदर लिहायच्या आधी मी सात वर्षं एका दुचाकी शोरूमच्या बिलिंग काउंटरला बसायचे. गाव सांगत नाही. तिथं रोज दिसणारा एक खेळ आधी सांगते. गिऱ्हाईक म्हणतं, “फायनल किती?” सेल्समन कपाळाला आठ्या घालून म्हणतो, “थांबा, साहेबांना विचारून येतो.” आणि तो येतो कुठे, तर माझ्या काउंटरवर. बाटलीतलं पाणी पितो, मोबाइलवर स्कोअर बघतो, दोन मिनिटं उभा राहतो आणि परत जाऊन सांगतो, “साहेब तयारच नव्हते, पण तुमच्यासाठी कसंबसं केलं.” साहेब त्या वेळी जेवायला घरी गेलेले असायचे. किती सोडायचे ते सकाळीच ठरलेलं असायचं.

‘फायनल किती’ हा प्रश्न शोरूमवाल्याला फार आवडतो. उत्तर एकाच आकड्यात देता येतं आणि त्या आकड्याच्या पोटात काय आहे ते झाकलेलंच राहतं.

एक म्हातारबाबा मला अजून आठवतात. धोतर, टोपी, एका काडीला दोरा बांधलेला चष्मा. नातवासाठी गाडी घ्यायला आले होते. कोटेशन हातात घेऊन एकेका ओळीवर बोट ठेवायचे आणि विचारायचे, “हे काय असतंय?” सेल्समननं सांगितलं की पुढचं, “ह्याची पावती मिळंल का?” पावती नाही म्हटलं की पेन काढून त्या ओळीवर काट मारायचे आणि पुढच्या ओळीवर बोट. अख्खा तास त्यांनी “कमी करा” हे दोन शब्द काढले नाहीत. त्या महिन्यातलं त्या मॉडेलचं सगळ्यात कमी रकमेचं बिल मी त्यांचं फाडलं. लाज वाटते म्हणतोस ना? यात लाज वाटण्यासारखं काय आहे? विचारायचं आणि थांबायचं. तुझ्या तोंडून शब्द फुटत नाही ही इथं उलट सोयच आहे.

आता तुझा कागद घेऊ.

एक्स-शोरूम ९०,०००. हा आकडा कंपनी ठरवते. कंपनीच्या वेबसाइटवर महाराष्ट्र आणि तुझं नेमकं मॉडेल टाकून पडताळून बघ. डिस्क की ड्रम, साधं चाक की अलॉय, यानं किंमत बदलते आणि कोटेशनवर नेमकं हेच अर्धवट लिहिलेलं असतं. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ वर आला. तुझ्या ओळखीतल्या कुणी त्याआधी हीच गाडी घेतली असेल तर त्याच्या बिलाशी तुलना करू नकोस, गोंधळ होईल. दुचाकीत डीलरला या आकड्यावर सुटणारे पैसे फार नसतात, त्यामुळे इथं डोकं आपटण्यात अर्थ नाही. कंपनीची एखादी योजना चालू असेल तर ती मात्र विचार, आणि ती बिलावर वेगळी दिसली पाहिजे. डीलरची खरी कमाई खालच्या पाच ओळींत आहे. सेल्समनचा इन्सेंटिव्हसुद्धा बऱ्याचदा तिथूनच येतो.

आरटीओ १२,८००. आपल्याकडे दुचाकीचा एकरकमी कर इंजिनाच्या सीसीवर ठरतो, दहा ते बारा टक्के. १२५ सीसीला अकरा टक्के धर, म्हणजे ९०,००० वर ९,९००. त्यावर थोडासा उपकर. नोंदणीची फी ३०० रुपये, स्मार्ट कार्डचे २००, कर्जाचा बोजा चढवायचे ५००, आणि पोस्टाचे किरकोळ. सगळं मिळून अकरा हजार शंभरच्या आगेमागे होतं. मग वरचे सतराशे कशाचे? विचारलंस की उत्तर येईल, “एजंटचे, पासिंगचे.” अरे, नव्या गाडीची नोंदणी आता डीलरच ऑनलाइन करतो. तू म्हणायचं, “आरटीओची पावती निघेल ना, त्या पावतीवर जेवढे असतील तेवढे देतो.” आवाज चढवायचा नाही. या एका वाक्यानं ती ओळ आपोआप खाली येते, कारण सरकारी पावतीवर सतराशे जास्तीचे कुणाला छापता येत नाहीत.

मी स्वतः माझी पहिली स्कूटर घेतली तेव्हा ही पावती मागितली नव्हती. तेव्हा मी शोरूममध्ये नव्हते, एका शाळेत क्लार्क होते. सहा महिन्यांनी कागद लावताना पावती हाती लागली आणि कळलं की चौदाशे रुपये जास्त दिलेत. फोन केला तर म्हणाले, “मॅडम, तेव्हाच बोलायचं होतं.” खरंच होतं ते.

हँडलिंग १,५००. यावर वेळ घालवू नकोस. गाडी कंपनीतून शोरूमपर्यंत आणणं, पुसणं, बॅटरी जोडणं हे सगळं एक्स-शोरूम किमतीत आलं. आरटीओच्या फीच्या यादीतही असा कुठला चार्ज नाही. “हँडलिंगची जीएसटीसकट पावती द्या, त्यावर कशाचं हँडलिंग ते लिहा,” एवढं म्हण. बहुतेकदा ओळ जाते. नाहीच गेली, तर दुसरीकडे जा.

आता इन्शुरन्स. हा जरा नीट समजून घे, कारण तुझ्या कागदावर सगळ्यात मोठी फट इथं आहे.

सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं तसं झालं. याचा दर सरकारी आहे, कुठल्याही कंपनीकडे गेलास तरी तोच. ७५ ते १५० सीसीला २०२२ मध्ये ठरलेला दर पाच वर्षांसाठी ३,८५१ रुपये. दुसरा भाग तुझ्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, ओन डॅमेज. तो एका वर्षाचा पुरे. नव्या गाडीची विम्यातली किंमत पाच टक्के वजा करून धरतात, म्हणजे तुझी ८५,५००. त्यावरचा हप्ता जुन्या ठोक दरानं काढला तरी चौदाशेच्या घरात येतो, आणि त्यावरच कंपन्या सूट देतात. दोन्हींची बेरीज करून १८ टक्के जीएसटी लाव. सव्वासहा हजार झाले. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा सक्तीचा आहे, त्याचे वर्षाचे तीन-चारशे. तुझ्याकडे तेवढ्या रकमेचा वैयक्तिक अपघात विमा आधीच असेल तर तोही परत घ्यायची गरज नाही, तसं लिहून द्यायचं. पगाराच्या खात्यावर कधी कधी असा विमा असतो. पण त्याच्या अटी नियमात बसतात का ते बँकेत विचारून घे, अंदाजानं सही करू नकोस.

थोडं इकडेतिकडे धरून ६,८०० पकड. तुला सांगितलेत ९,४००. मधल्या सव्वीसशेत काय भरलंय? बहुधा झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, चावी हरवली तर अमुक, असे तुला न विचारता टाकलेले तुकडे. झिरो डेप वाईट नाही. पडली गाडी तर प्लास्टिकच्या भागांचे पूर्ण पैसे मिळतात. घ्यायचं तर घे, पण तो निर्णय तुझा हवा. त्यांनी टिकमार्क करून ठेवलेला नको.

आणि विमा त्यांच्याकडूनच घेतला पाहिजे असं नाही. डीलरनं ग्राहकावर ठरावीक कंपनी लादू नये हे विमा नियामकाच्या २०१७ च्या नियमावलीतच आहे. आदल्या रात्री मोबाइलवर दोन कंपन्यांचे दर काढून स्क्रीनशॉट ठेव. शोरूममध्ये तो दाखवून म्हण, “ह्याच कव्हरला तुम्ही किती लावता?” मी काउंटरला असताना ‘बाहेरून विमा आणतो’ असं कुणी म्हटलं की आमचा दर पाच मिनिटांत खाली यायचा. ‘बाहेरचा विमा असेल तर क्लेमला त्रास होईल’ असं घाबरवतील. कॅशलेस सोय तुमच्या सर्व्हिस सेंटरला त्या कंपनीची आहे का, एवढं विचार. असेल तर विषय संपला.

ॲक्सेसरी किट ४,६५०. ‘किट’ हा शब्द फार सोयीचा आहे. “किटमध्ये काय काय, प्रत्येकाची किंमत लिहून द्या,” म्हण. यादी अशी निघेल: साडी गार्ड, मागचं फूटरेस्ट, लेग गार्ड, सीट कव्हर, टाकीचं कव्हर, ग्रिप, नंबर प्लेटची फ्रेम, हेल्मेट, कोटिंग. यातलं साडी गार्ड, मागे बसणाऱ्याचं फूटरेस्ट आणि धरायचा हँडल हे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १२३ व्या नियमाप्रमाणे प्रत्येक मोटरसायकलला असलंच पाहिजे. जे नसलं तर गाडीच नियमात बसत नाही, त्याला ॲक्सेसरी कसं म्हणायचं? दुचाकी घेताना कंपनीनं आयएसआयचं हेल्मेट द्यायचं, हा १३८ वा नियम. नंबर प्लेटचंही तसंच. एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीकडूनच येते आणि तिचे पैसे गाडीच्या किमतीत धरलेले असतात.

नियमाचे आकडे सेल्समनच्या तोंडावर फेकू नकोस, तो बिचारा पगारी माणूस. मॅनेजरला शांतपणे सांग. सगळं फुकट मिळेल अशी खात्री मी देत नाही, पण यादीतला निम्मा भाग तरी गळतो. तुला खरं लागणारं काय? लेग गार्ड नक्की, कारण तू कॅन घेऊन कच्च्या रस्त्यानं जाणार. सीट कव्हर हवं तर. दीड हजारात दोन्ही होतं. कोटिंगच्या नादाला लागू नकोस. दूध सांडणार, धूळ बसणार, गाडी धुतली की झालं.

वाढीव वॉरंटी आणि आरएसए १,८५०. तू रोज चाळीस किलोमीटर चालवणार, म्हणून वॉरंटी वायफळ म्हणणार नाही. पण ती आजच घ्यायला हवी का, की मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत कधीही घेता येते, ते विचार. नंतर घेता येत असेल तर आज काट मार.

आता बेरीज कर. ९०,००० अधिक ११,१०० अधिक ६,८०० अधिक लेग गार्ड-सीट कव्हरचे १,५००. एक लाख नऊ हजार चारशे. तुझ्या कागदावरून १०,८०० कमी झाले, आणि तू अजून एक रुपयाही “कमी करा” म्हटलेलं नाहीस. वडिलांचे दहा हजार निघाले की नाही? त्यांना सांग, पोराला व्यवहार कळतो. सेल्समन ते दोन हजार कुठल्या ओळीतून कमी करणार होता, हेही एकदा विचार. मजा येते उत्तर ऐकायला.

हे सगळं आजच्या आज करायचं नाही. “आजच बुकिंग” हे वाक्य शोरूममध्ये वर्षाचे ३६५ दिवस बोललं जातं. आधी पंढरपूरच्या एखाद्या शोरूममधूनही असंच ओळीओळीचं कोटेशन आण. तालुक्याच्या गावी बऱ्याचदा सब-डीलर असतो, तो गाडी मुख्य डीलरकडूनच आणून देतो आणि मध्ये स्वतःचं काही लावतो, तेवढं लक्षात ठेव. दोन कागद शेजारी ठेवलेस की कुणी कुठं फुगवलंय ते पोरालाही दिसेल.

दसऱ्याचं म्हणशील तर आईचं मन मोडू नकोस, पण सौदा दसऱ्याच्या गर्दीत करू नकोस. साडेतीन मुहूर्तांना शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते, गाड्या आधीच बुक असतात, अशा वेळी तुला कोण सवलत देणार? आमच्याकडे वर्षातले सगळ्यात शांत दिवस पितृपक्षाचे. फोन वाजायचा नाही, पोरं टेबलं पुसत बसायची, आणि मॅनेजरला महिन्याचं टार्गेट तर असायचंच. तेव्हा जा. त्यातही महिनाअखेर सापडली तर सोन्याहून पिवळं. बोलणी तेव्हा कर, ठरलेली ऑन-रोड रक्कम ओळींसकट लिहून सही-शिक्क्यानिशी घे, पाच हजार बुकिंग दे. आईला पितृपक्षात बिलसुद्धा नको वाटत असेल तर बिल घटस्थापनेला होऊ दे आणि गाडी दसऱ्याला घरी आण. पासिंगला आणि नंबर प्लेटला मधले दिवस लागतातच. कागदावर दोन गोष्टी मात्र लिहून घे: दर वाढला तरी ठरलेली रक्कम बदलणार नाही, आणि बुकिंग रद्द केलं तर पाच हजार परत. बुकिंगचे पैसे फर्मच्या खात्यावर. सेल्समनच्या स्वतःच्या नंबरवर गुगल पे करायचं नाही, तो कितीही ‘आपला माणूस’ असला तरी.

कर्जाचं मी मुद्दाम मागे ठेवलं. नऊ टक्के ऐकून तू खूश झालास, पण ते फ्लॅट की रिड्यूसिंग? शोरूममध्ये सांगतात तो दर बहुतेकदा फ्लॅट असतो. तुला साधारण सत्तर हजार लागतील. नऊ टक्के फ्लॅट म्हणजे तीन वर्षं पूर्ण सत्तर हजारांवर व्याज, १८,९०० रुपये, तू दर महिन्याला मुद्दल फेडत असलास तरी. घटत्या शिलकीच्या, म्हणजे रिड्यूसिंगच्या, हिशेबानं हा दर सोळा टक्क्यांच्या वर जातो. तेच सत्तर हजार बँकेत अकरा टक्के रिड्यूसिंगनं मिळाले, तर हप्ता २,२९० च्या आसपास आणि तीन वर्षांचं व्याज साडेबारा हजार. म्हणजे ६,४०० वाचले, दोन हजारांच्या सवलतीच्या तिप्पट. पगार जमा होतो त्या बँकेत विचार. तुमच्या दूध संघाच्या सेवकांची पतसंस्था असेल तर तिथंही. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडलं तर दंड किती, हे दोन आकडे लिहून घे. ‘कर्ज आमच्याकडून घेतलं तरच सूट’ असं म्हणाले तर ती सूट या ६,४०० शी ताडून बघ.

जुन्या गाडीला सहा हजार कमी वाटतात. गावातल्या मेकॅनिकला दाखव, तो जास्त देईल किंवा गिऱ्हाईक आणेल. पण वेळ काढू नकोस. पंधरा वर्षं भरली की नोंदणीचं नूतनीकरण आलं आणि घेणारा भाव आणखी पाडणार. विकताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून आरसीवरचं नाव बदलेपर्यंत पाठपुरावा कर. नुसते पैसे घेऊन चावी दिलीस आणि उद्या त्या गाडीनं कुणाला उडवलं, तर पोलीस तुझ्या वडिलांचं दार वाजवतील.

बिल करायच्या आधी गाडी डोळ्यांनी बघ आणि तिचा चेसिस नंबर लिहून घे, म्हणजे बिलावर तोच येईल. फॉर्म २१ वर, म्हणजे डीलरच्या विक्री प्रमाणपत्रावर, गाडी बनवल्याचा महिना आणि वर्ष असतं, ते वाच. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आठ-दहा महिने गोडाऊनमध्ये उभी असलेली गाडी देत असतील तर नको म्हण, किंवा त्याचा वेगळा भाव कर. इथं मात्र बिनधास्त “कमी करा” म्हण.

दसऱ्याच्या दिवशी हार, पेढे, फोटो या गडबडीत कागद राहून जातात. नंबर पडल्याशिवाय आणि प्लेट लागल्याशिवाय गाडी हलवू नकोस. आरटीओच्या कराची पावती, विम्याची पॉलिसी, बिल, टूलकिट, हेल्मेट, सगळं हातात घे. आणि किल्ल्या दोन असतात. दुसरी मागून घे. आमच्या ड्रॉवरमध्ये अशा विसरलेल्या किल्ल्यांचा एक डबाच होता.